मेपलखालची झाडलोट

रविवारच्या मराठीच्या वर्गात मी मुलांना 'गोगलगाय आणि पोटात पाय' ही म्हण शिकवली. अर्थ सांगितला: वरून गरीब दिसणारा, पण आतून लबाड माणूस. माझी नात हर्षिता, वय वर्षं नऊ, हिने हात वर केला.

"आजी, पण पाय तिथेच असतो ना तिचा? दॅट्स जस्ट हर बॉडी. मग ती लबाड कशी?"

नागपूरच्या शाळेत मी उभं आयुष्य विज्ञान शिकवलं. शेजारच्या मराठीच्या वर्गातून ही म्हण भिंतीपलीकडून कितीदा ऐकली असेल. एकाही पोराने, आणि खरं सांगायचं तर एकाही शिक्षकाने, गोगलगायीची बाजू घेतलेली मला आठवत नाही.

"चला," मी म्हणाले, "तिलाच विचारू."

आमचा वर्ग भरतो इथे परदेशात, बॉथेलमधल्या आमच्या वसाहतीच्या क्लबहाउसात. मागे जुन्या मेपलच्या झाडांचा एक पट्टा आहे. घरं बांधणाऱ्यांनी तो का सोडला कोण जाणे. ऑक्टोबर संपत आला होता. या मेपलची पानं पत्रावळीएवढी होतात आणि तिथली पानं वर्षानुवर्षं कुणी उचलली नव्हती. वरचं पान पिवळं, त्याखालचं तपकिरी, त्याखालचं नुसती जाळी उरलेलं, आणि सगळ्यात खाली काळा ओला लगदा, अळंबीच्या वासाचा. मुलांना सांगितलं, आधी बसायचं, मग बघायचं. पान कडेने धरून उचलायचं आणि बघून झालं की पांघरूण घालावं तसं परत ठेवायचं.

मुलं ऐकतात. मोठ्या माणसांना शिकवायची वेळ माझ्यावर फार कमी आली, हे माझं भाग्य. ती या गोष्टीत आली.

बराच वेळ कुणाला काही सापडलं नाही. अमन कंटाळून काडीने चिखल उकरू लागला. आन्याला एक गांडूळ मिळालं आणि ती त्याच्यावरच खूश झाली. मग हर्षिता अगदी हळू आवाजात म्हणाली, "आजी, इकडे. श्वास सोडू नको."

जाळीदार पानाच्या खालच्या बाजूला साबुदाण्याएवढी एक गोगलगाय चिकटली होती. भिंगातून पाहिलं तर तिच्या तपकिरी शंखावर बारीक लव होती, पीचच्या फळावर असते तशी. दोन शिंगं बाहेर आली, आमच्याकडे वळली, आणि आम्ही काही खास नाही असं ठरवून पुढे निघाली. पाय पोटातच होता. लबाडी कुठे दिसली नाही.

हर्षिताने भिंगावर फोन धरून फोटो काढला. तिच्या बाबाने, म्हणजे माझ्या मुलाने, बुद्धभूषणने, तो निसर्गाचे फोटो ओळखून देणाऱ्या एका साइटवर टाकला. आठवड्याच्या आत डॉक्टर लिंडक्विस्ट नावाच्या बाईंची मेल आली. गोगलगायींचा अभ्यास करण्यात त्यांचं आयुष्य गेलं आहे. त्यांनी लिहिलं होतं की ही जात आता फार थोड्या ठिकाणी उरली आहे आणि या भागात ती जिवंत दिसून खूप वर्षं झाली. फोटोवरून काही सिद्ध होत नाही. त्या स्वतः येऊन बघतील. तिथे, झाडाखाली, जिवंत गोगलगाय सापडली आणि तशी नोंद झाली, तर त्या पट्ट्यावर बांधकामाला परवानगी मिळणार नाही. तोपर्यंत कृपा करून कुणी पाचोळ्याला हात लावू नये.

हे शेवटचं महत्त्वाचं होतं, कारण तिथे काँक्रीट ओतायचं जवळजवळ ठरलंच होतं. पिकलबॉलचं कोर्ट होणार होतं. हा खेळ आमच्या इथल्या पुरुषांना चाळिशीत होतो, जसा पूर्वी मधुमेह व्हायचा. आणि कोर्टासाठी सगळ्यात जास्त खटपट केली होती चारुदत्त यांनी.

चारुदत्त मराठी मंडळाचे अध्यक्ष, आणि वसाहतीच्या बोर्डावरही तेच. मूळ पुण्याचे, नोकरी बेलव्ह्यूला, मोठ्या हुद्द्यावर. माणूस वाईट नाही असं सगळे म्हणतात. ज्याच्याबद्दल दुसरं काही म्हणता येत नाही, त्याच्याबद्दल लोक हेच म्हणतात. पहिल्या भेटीत त्यांनी माझं आडनाव दोनदा विचारलं, मग गाव विचारलं. मी म्हणाले, बॉथेल. तेव्हापासून मी त्यांची 'मावशी' आहे आणि बुद्धभूषण त्यांच्या तोंडी 'बी.बी.' आहे.

मेल आल्याचं कळलं तेव्हा ते मला क्लबहाउसच्या दारात भेटले. बरोबर मंडळाचे खजिनदार नरेंद्र होते.

"मावशी, एका गोगलगायीसाठी कोर्ट होल्डवर? खरं की काय?"

"खरं आहे."

"केवढी आहे ती?"

"साबुदाण्याएवढी."

"अहो, मग उपासाला चालेल!" नरेंद्र म्हणाले, आणि दोघं खूप वेळ हसले.

"आमच्याकडे कुंडीत गोगलगाय आली की आई चिमूटभर मीठ टाकायची," चारुदत्त डोळे पुसत म्हणाले. "मॅटर क्लोज्ड."

हर्षिता माझा हात धरून उभी होती. मराठी तिला बोलायला जड जातं, पण समजतं सगळं. घरी जाताना तिने विचारलं, "दे वोन्ट पुट सॉल्ट, राइट?" मी म्हटलं, नाही गं, बोलायची पद्धत असते. रात्री तिने तिच्या बाबालाही तेच विचारलं, म्हणजे माझ्या उत्तरावर तिचा विश्वास बसला नव्हता.

पुढच्या आठवड्यात इथल्या एका छोट्या वर्तमानपत्राने गोगलगायीचा फोटो छापला. खाली चार ओळी. त्या चार ओळींत 'भारतीय वंशाच्या कुटुंबांच्या वसाहतीत' एवढे शब्द होते. बस. चारुदत्त यांना निसर्गाचा उमाळा आला.

व्हॉट्सॲपवर 'मिशन गोगलगाय' नावाचा गट निघाला. टी-शर्ट छापले गेले. त्यावरच्या गोगलगायीला फुलपाखराच्या मिशा होत्या आणि ती हसत होती. ज्या माणसाने आठ-दहा दिवसांपूर्वी तिच्यावर मीठ टाकायची भाषा केली, तो आता तिला 'आपली मराठमोळी लेक' म्हणू लागला. डॉक्टर लिंडक्विस्ट शनिवारी सकाळी येणार हे कळल्यावर तर स्वागत समितीच नेमली गेली. शाल, श्रीफळ, बॅनर, आणि नंतर सगळ्यांना मिसळ.

समितीच्या बैठकीला मी गेले. उभी राहिले आणि पाचवीच्या वर्गाला सांगावं तसं सांगितलं. "गोगलगाय झाडावर राहत नाही, मातीत राहत नाही. पाचोळ्यात राहते. पाचोळा हेच तिचं घर, तेच तिचं जेवण, तेच पाणी. डॉक्टरबाई येईपर्यंत तिथे कुणी जायचं नाही."

"हंड्रेड पर्सेंट, मावशी," चारुदत्त फोनवर काहीतरी लिहीत म्हणाले. "तुम्ही अजिबात टेन्शन घेऊ नका. जागेची जबाबदारी माझी. तुम्ही फक्त साडेदहाला या. स्टेजवर तुमचाही सत्कार आहे. मी बोलणार आहे तुमच्याबद्दल, कसं आपल्याकडे अगदी ग्रासरूट्स लेव्हलची माणसं..."

"माझा सत्कार राहू द्या. पाचोळा राहू द्या."

"क्या बात है!" ते म्हणाले आणि हेही लिहून घेतलं, भाषणासाठी.

शनिवारी हर्षिता भिंग, पाण्याची फवारणी करायची बाटली आणि पिवळा रेनकोट घेऊन सकाळपासून तयार होती. तिला डॉक्टरबाईंना तिसऱ्या मेपलपाशी न्यायचं होतं, जिथे तिला गोगलगाय दिसली होती. काय बोलायचं ते तिने आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. साडेदहाला आम्ही क्लबहाउसच्या मागे वळलो आणि ती थांबली.

"आजी," ती म्हणाली. "व्हेअर आर द लीव्ज?"

पाचोळा नव्हता. एक पान नव्हतं. झाडांखालची जमीन नुकत्याच मुंडण केलेल्या डोक्यासारखी दिसत होती. दाताळ्याच्या रेघा तिच्यावर सरळ ओढलेल्या होत्या. नरेंद्र पाठीला पानं उडवायचं यंत्र लावून उरलेल्या चार-दोन पानांचा पाठलाग करत होते. क्लबहाउसच्या भिंतीला पाचोळ्याच्या कागदी पिशव्या ओळीने उभ्या होत्या, तोंडं नीट दुमडलेल्या. झाडांना पताका लावल्या होत्या.

चारुदत्त यांच्या पत्नी दीपा लगबगीने आल्या. नऊवारीवर गोगलगायीचा टी-शर्ट.

"मावशी, कशी झालीये जागा? सहापासून राबतोय सगळे. पाहुण्या येणार आणि दारात हा एवढा कचरा, बरं दिसतं का ते?"

मला राग यायला क्षणभर वेळ लागला, कारण हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. ते आपल्या सगळ्यांच्या हाडात आहे. पाहुणा यायचा म्हटलं की आधी झाडू निघतो. फक्त इथे घर गोगलगायीचं होतं, आणि पाहुण्या तिच्याकडे येणार होत्या. एवढी साधी गोष्ट इतक्या शिकलेल्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आली नाही. ज्यांच्या घरी फरशी पुसायला बाई येते त्यांनी आज हातमोजे घालून, एकमेकांचे फोटो काढत, श्रमदान केलं होतं. आणि जन्मात पहिल्यांदा झाडू हातात धरला तो नेमका इथे.

"आणि ती रांगोळी बघितलीत?" दीपा म्हणाल्या.

तिसऱ्या मेपलच्या बुंध्याशी, उघड्या जमिनीवर, दोन हात लांबीची गोगलगाय काढली होती. शंख गुलाबी, अंग पिवळं.

"कशाची आहे रांगोळी, दीपा?"

"मिठाची! इथे धड रांगोळी कुठे मिळते? साध्या मिठात फूड कलर कालवायचा. माझी आयडिया."

हर्षिता रांगोळीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मी बोलायची पद्धत असते म्हणाले होते.

डॉक्टर लिंडक्विस्ट एका जुन्या ट्रकमधून उतरल्या. साठीच्या, उंच, गुडघ्याला चिखल लागलेली पँट. चारुदत्त यांनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, टाळ्या झाल्या. त्यांनी सगळ्यांचे आभार मानले आणि नारळ हातात तसाच धरून झाडांकडे गेल्या. तिथे उभ्या राहिल्या. मग खाली बसल्या आणि रांगोळीतलं बोटभर उचलून जिभेला लावलं.

"हे मीठ आहे," त्या म्हणाल्या.

"येस! ट्रॅडिशनल!" चारुदत्त म्हणाले.

"पानं कुठे गेली?"

पाचोळ्याला हात लावू नये हे डॉक्टरबाईंनी आधीच कळवलं होतं. 'दंड' हा शब्द चारुदत्त यांच्या कपाळावर मला स्पष्ट वाचता आला. ते हसले, फोन काढला, त्यावर पटापट काहीतरी केलं. त्याबरोबर सगळ्यांच्या खिशातले फोन थरथरले. मी माझा पाहिला. 'मिशन गोगलगाय'मधला सकाळचा एकेक फोटो नाहीसा होत होता. हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे. हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे.

"वी ओन्ली क्लीन्ड द पाथ," ते म्हणाले. "फक्त पायवाट. बाकी बागकामवाले येऊन गेले असतील. ते न विचारता येतात."

"अहो, पण आपणच तर..." दीपा म्हणाल्या.

"दीपा, मिसळीचं बघ."

दीपा मिसळीचं बघायला गेल्या. बाकीचे बुटांकडे बघत होते. नरेंद्रच्या पाठीला ते यंत्र अजून होतं आणि त्यांनी ते जरा झाडाआड केलं, जणू पाठीवरचा तो डबा कुणाला दिसला नसता.

डॉक्टरबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी चाकूच्या टोकाने बुंध्यांच्या खोबणी तपासल्या, मुळांच्या बेचक्या तपासल्या, पायवाटेच्या कडा तपासल्या. काही नव्हतं. "मला 'सापडली नाही' असं लिहावं लागेल," त्या हर्षिताजवळ बसून म्हणाल्या. "आणि पुन्हा लवकर येणं मला जमणार नाही. सॉरी, स्वीटहार्ट." सोमवारी बोर्डाची बैठक होती. 'सापडली नाही' एवढं कागदावर आलं की मशीन येणार हे नऊ वर्षांच्या पोरीलाही कळत होतं.

ती उठली आणि भिंतीपाशी गेली. पहिली पिशवी तिने दोन्ही हातांनी धरून उपडी केली.

"अगं अगं, आत्ताच भरलंय ते!" कुणीतरी ओरडलं.

मी आत जाऊन स्टेजवरच्या टेबलावरची पांढरी चादर ओढली. समई आणि फुलदाणी बाजूला ठेवली आणि चादर बाहेर आणून जमिनीवर पसरली. "अमन, आन्या, इकडे या," मी म्हटलं. "एकेक पान. दोन्ही बाजू बघायच्या. घाई नाही." वर्गातली सगळी पोरं चादरीभोवती बसली. डॉक्टरबाईही बसल्या, शाल खांद्यावर तशीच. आतून माइकवर घोषणा झाली की अल्पोपहार तयार आहे, आणि मोठी माणसं आपापली प्लेट घ्यायला निघून गेली. गोगलगायीसाठी जमलेली माणसं मिसळीसाठी पांगली, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पिशव्यांमध्ये सगळंच एकत्र होतं. फाटकाजवळची पाइनची काटेरी पानं, पार्किंगमधला कचरा, कॉफीचे कप. अमनला हिरव्या रंगाचा क्रिकेटचा चेंडू सापडला. मग एका पिशवीतून काळा ओला लगदा पडला आणि तो ओळखीचा वास आला. मुलं वाकली.

पहिल्यांदा आन्याला एक रिकामा शंख सापडला, लव असलेला. मग हर्षिताने एक पान उलटं केलं आणि ते हातात धरून तशीच राहिली. डॉक्टरबाईंनी तिच्या हातातलं भिंग डोळ्याला लावलं. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मला कळलं.

"हाय," त्या म्हणाल्या. आम्हाला नव्हे.

जिवंत होती. शिंगं बाहेर होती. उलटीसुलटी होऊन पिशवीत कोंबली जाऊनही तिने आपलं चालणं पुढे सुरू केलं होतं.

मुलांनी असा आरडाओरडा केला की आतून माणसं प्लेटी घेऊन बाहेर आली. चारुदत्त सगळ्यांत पुढे. त्यांनी हात वर करून घोषणा दिली आणि दोन-चार जणांनी टाळ्याही वाजवल्या. डॉक्टरबाई उभ्या राहिल्या.

"ही पिशवी कुठे भरली?" त्यांनी विचारलं. "मला जागा हवी. ही फाटकाजवळची असेल तर मेपलच्या पट्ट्याला तिचा काही उपयोग नाही. पिशवीतल्या गोगलगायीला पत्ता नसतो. जो सांगेल की ही पानं अमुक झाडाखालून मी उचलली, त्याच्या सांगण्यावर मी नोंद करू शकते. मला कुणाला शिक्षा करायची नाही."

सगळे अध्यक्षांकडे बघत होते, आणि अध्यक्ष शेवेचा दाणा दातातून काढत होते.

"मी म्हटलं ना," ते म्हणाले, "आम्ही पायवाटच..."

"चारुदत्तराव," मी म्हणाले, "तुमच्या कोपरापर्यंत तो चिखल आहे."

"मावशी, प्लीज. मोठ्यांमध्ये चाललंय."

मी सत्तरीला आले आहे. मोठ्यांमध्ये यायला अजून किती वर्षं लागतील ते त्यांनी सांगितलं नाही.

डॉक्टरबाई बॅगेत वस्तू भरू लागल्या. भरता भरता, मुलांनाच सांगावं तसं, त्या म्हणाल्या, "वाईट वाटतंय. हा रिकामा शंख मी संग्रहालयात ठेवला असता. छोट्या काचेच्या नळीत. आत एक चिठ्ठी असते. जात, जागा, तारीख, आणि ज्याने गोळा केली त्याचं नाव. शंभर वर्षांपूर्वीच्या चिठ्ठ्या अजून आहेत तिथे. संशोधक येतात आणि वाचतात."

"नाव?" चारुदत्त म्हणाले.

"हो."

"म्हणजे... पूर्ण नाव? परमनंट?"

"संग्रहालय असेपर्यंत."

त्यांनी प्लेट नरेंद्रच्या हातात दिली. घसा साफ केला. माणसाची स्मरणशक्ती इतक्या वेगाने परत आलेली मी आजवर पाहिली नव्हती.

"एक मिनिट हं. आता आठवलं. ही पिशवी मीच भरली. तिसरा मेपल, उत्तरेची बाजू. सकाळी सात-सव्वासातला." त्यांनी फोन काढला. गटातून पुसलेला फोटो त्यांच्याकडे अर्थातच होता. तिसऱ्या मेपलखाली चारुदत्त, एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताचा अंगठा वर, पिशवीच्या तोंडातून तोच काळा लगदा ओसंडतोय. कागदी पिशवीवरचा फाटका कोपरासुद्धा तोच. "वेळ, लोकेशन, सगळं आहे त्यात. मी फार सिस्टिमॅटिक माणूस आहे."

डॉक्टरबाईंनी फोटो नीट पाहिला, पिशवीशी ताडला, आणि वही उघडली.

"बट आय फाउंड हर," हर्षिता म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांनी ऐकला. डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. "खरं आहे," त्या म्हणाल्या. "मिस्टर चारुदत्त, जागा तुम्ही सांगितली असं मी लिहिते. गोळा करणारी म्हणून हिचं नाव घालू या. चालेल?"

"घाला की. मुलगी आपलीच आहे." त्यांनी फोन खिशात ठेवला. "फक्त मग ते लोकेशनचं... म्हणजे फोटोतली पिशवी हीच, असं मी तरी कुठे छातीठोक सांगू शकतो? पिशव्या सगळ्या सारख्याच दिसतात."

कुणाला लाज वाटली असेल तर ती त्यांनी फार चांगली लपवली. नरेंद्र दुसऱ्याची मिसळ खात होते. बुद्धभूषण पुढे आला, त्याच्या मुठी मी पाहिल्या. मीही तोंड उघडलं. वर्गात मी कधी आवाज चढवला नाही, पण साठवून साठवून माझ्याकडे भरपूर होता, आणि तो सगळा त्या दिवशी त्या टी-शर्टवाल्यांना मिळाला असता.

हर्षिताने माझ्या पदराला झटका दिला.

"आजी, थांब." मग ती डॉक्टरबाईंकडे वळली. "इफ यू राइट हिज नेम, नो कोर्ट?"

"नो कोर्ट."

"फॉर शुअर?"

"या झाडांखाली नाही होणार. ती जबाबदारी माझी."

तिने हातातल्या पानाकडे पाहिलं. खालचा ओठ दातांखाली धरला. "ओके. राइट हिज." आणि मग मला, हळूच, मराठीत, "तिला वाचता येत नाही ना."

चारुदत्त यांनी नावाचं स्पेलिंग सांगितलं. मधल्या नावासकट. पुढे 'अध्यक्ष' लिहिता येईल का विचारलं. डॉक्टरबाईंनी त्यांना चिठ्ठी दाखवली. ती बोटाच्या नखाएवढी होती. "जागा नाही," त्या म्हणाल्या. तरीही चारुदत्त यांनी चिठ्ठीबरोबर स्वतःचा फोटो काढून घेतला आणि तो गटात टाकला. तो मात्र डिलीट झाला नाही.

मग सगळे आत गेले, कारण भाषणं राहिली होती.

डॉक्टरबाईंनी फावड्याने मिठाची गोगलगाय खालच्या मातीसकट खरवडली आणि बादलीत भरून ट्रकमध्ये ठेवली. मीठ पुरतं गेलं की नाही ते पाऊस ठरवेल, म्हणाल्या. म्हणून आम्ही पाचोळा त्या जागेपासून चार पावलं लांब, झाडाच्या चढाकडच्या अंगाला, जिकडे मिठाचं पाणी येणार नाही, नेला. मुलं ओंजळी भरभरून नेत होती. लगदा खाली, त्यावर जाळीदार पानं, त्यावर तपकिरी. आन्याने सगळ्यात वर एक पिवळं पान ठेवलं आणि ते वाऱ्याने उडालं, तर दुसरं आणलं. निम्म्याहून अधिक पिशव्या तुडवून भरलेल्या होत्या. त्यांत किती मेल्या असतील असं हर्षिताने विचारलं. "बऱ्याच," डॉक्टरबाई म्हणाल्या. खोटं बोलल्या नाहीत याबद्दल मी मनातल्या मनात त्यांचा सत्कार केला.

हॉलमधून चारुदत्त यांचा आवाज येत होता. "...ज्ञानाची आस, निसर्गाचा ध्यास, आणि म्हणून आज एका मराठी माणसाचं नाव..." टाळ्या. मग माइकवर माझं नाव. "अंजनामावशी, प्लीज स्टेजवर या. हर्षिता बेटा, कम कम. ग्रुप फोटो आहे."

हर्षिता गुडघ्यांवर बसली होती. तिने हातातलं पान नव्या ढिगाच्या कडेला टेकवलं. गोगलगाय पानाच्या टोकाशी आली आणि थांबली. एक शिंग पुढे केलं, मागे घेतलं. पुन्हा केलं.

"मावशीऽ," माइक म्हणाला. "सगळे थांबलेत हो तुमच्यासाठी."

"थांबू देत," मी म्हणाले.

डॉक्टरबाईंनी खांद्यावरची शाल काढून घडी केली आणि गुडघ्याखाली घेतली. मुलं एकमेकांना खेटून बसली. माइकवरून आणखी दोनदा हाक आली. मग आमच्याशिवायच फोटो निघाला असावा, कारण आत पुन्हा टाळ्या वाजल्या.

ती पानाखाली पूर्ण दिसेनाशी झाली तोवर मिसळ थंड झाली होती.